फॉलआऊट ५ चा पहिला तास: तुमच्या कल्पनेत काय आहे?

शेवटची_लोकल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जून २०२२ मध्ये बेथेस्डा या गेम कंपनीच्या टॉड हॉवर्ड यांनी सांगितले होते की एल्डर स्क्रोल्स या त्यांच्या दुसऱ्या गेममालिकेच्या सहाव्या भागानंतर बेथेस्डा फॉलआऊट ५ हाती घेईल. तेव्हापासून शस्त्रे, नकाशा, कथानक यांवर आपण सगळे पुष्कळ बोललो आहोत. मला एकाच गोष्टीबद्दल विचारायचे आहे, आणि ती म्हणजे पहिला तास. ज्या तासात गेम आपल्याला चालायला, बोलायला, नेम धरायला शिकवतो, तो तास कसा असावा?

हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. १९९७ च्या पहिल्या फॉलआऊटमध्ये व्हॉल्ट १३ ची, म्हणजे अणुयुद्धातून वाचलेली माणसे राहतात त्या भूमिगत निवाऱ्याची, पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते, ओव्हरसियर म्हणजे व्हॉल्टचा प्रमुख आपल्याला १५० दिवसांची मुदत देतो आणि आपण दाराबाहेरच्या गुहेत उभे असतो. शिकवणी अशी नाहीच. समोर उंदीर आहेत आणि आपल्याआधी बाहेर पडलेल्या एडचा सांगाडा आहे. पण घरात पाणी संपत आले आहे, एवढी एक गोष्ट पुढचे कितीतरी तास आपल्याला पळवत राहते. तिसऱ्या भागात भिंतीवर आईच्या आवडीचे बायबलमधले वचन लावलेले असते, तहानलेल्याला जीवनाचे पाणी देण्याचे, आणि पुढे सगळी कथा शुद्ध पाण्याच्या प्रकल्पाभोवती फिरते. पाणी हा या मालिकेचा जुना विषय आहे.

माझी कल्पना अशी. डेट्रॉईट शहराखाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खरीखुरी खाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती खोदायला घेतली. दीड हजार एकरांवर ती पसरली आहे आणि आत शंभरेक मैलांचे रस्ते आहेत. मोठी यंत्रे सुटी करून खाली उतरवायची आणि तळाशी पुन्हा जोडायची, अशी तिथली रीत आहे. या खाणीत व्हॉल्ट असावा. वर पंचमहासरोवरे आहेत, म्हणजे जगातल्या पृष्ठभागावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा. पहिल्या भागात पाणी संपत होते. इथे पाणी आत येते आहे.

आपण पंप सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचे हाताखालचे माणूस आहोत. गेम सुरू होतो तेव्हा हातात दिवा आहे आणि रोजची गस्त घालायची आहे. मिठाचे खांब, पांढरे छत, दूरवर पंपाचा एकसुरी आवाज. चालायला शिकणे म्हणजे ही गस्त, आणि ऐकायला शिकणे म्हणजे त्या आवाजात कुठे खंड पडतो हे ओळखणे. मग एका खांबाच्या पायाशी ओल दिसते. ती दाखवायची, लपवायची की स्वतःच काही करून पाहायचे, हा पहिला निर्णय. बंदूक या पहिल्या तासात हाती येऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तुमची कल्पना सांगा. माझ्या कल्पनेतल्या चुकाही दाखवा.


गोदाकाठ

उत्तम विषय. खाणीची कल्पना फार आवडली, पण माझे मन अजून व्हॉल्ट १०१ मध्येच आहे. तिसऱ्या भागाने जे साधले ते नंतर कुणाला साधले असे मला वाटत नाही. वर्षाचे असताना बाबा आपल्याला कुंपणात ठेवून जातात, आपण फाटक उघडून बाहेर येतो आणि खेळण्यांजवळचे चित्रांचे पुस्तक उघडून आपले सात गुण ठरवतो. दहाव्या वाढदिवसाला मनगटावर पिप-बॉय हा छोटा संगणक चढतो, यंत्रमानव अँडी केक कापता कापता त्याचा चुराडा करतो, बुच आपला गोड पाव हिसकायला बघतो, आणि बाबा तळघरात नेऊन छऱ्याची बंदूक देतात. सोळाव्या वर्षी परीक्षा. एकोणिसाव्या वर्षी मैत्रीण झोपेतून उठवते आणि सांगते की तुझे बाबा निघून गेले.

मूल ज्या क्रमाने शिकते त्याच क्रमाने आपली बोटे शिकतात: आधी चालणे, मग बोलणे, मग नेम. दार उघडल्यावर उन्हाने डोळे दिपतात आणि हळूहळू समोरचा माळ दिसू लागतो, तेव्हा आपल्यामागे एकोणीस वर्षे आहेत असे खरोखर वाटते. धागाकर्त्यांच्या खाणीत एकच दिवस आहे. एका दिवसात घर निर्माण होईल का?


काळा_कातळ

गोदाकाठ, तुमच्या भावनेचा आदर राखून पूर्ण असहमती नोंदवतो.

पहिल्यांदा खेळताना व्हॉल्ट १०१ सुंदर आहे, हे मान्य. पण भूमिका घेऊन खेळायच्या गेमचा जीव पुन्हा पुन्हा नव्या माणसाने सुरुवात करण्यात आहे. मी तिसरा भाग सात वेळा सुरू केला. दर वेळी तोच केक, तीच परीक्षा, तेच बाबा. मला कोण व्हायचे आहे हे मी ठरवण्याआधीच गेमने माझे वय, माझे वडील आणि माझे दुःख ठरवून टाकलेले असते. चौथ्या भागात तर मी विवाहित आहे, मला तान्हे बाळ आहे आणि त्या बाळाला शोधण्याची घाई आहे. मग मी वाटेत थांबून मनासारखे भटकलो की गेमने दिलेली भूमिका आणि माझे वागणे यांचा मेळ बसत नाही.

२०१० च्या फॉलआऊट: न्यू वेगास या गेमने याचे सरळ उत्तर दिले. डोक्यात गोळी घातली, खड्ड्यात पुरले, आणि गुडस्प्रिंग्जच्या डॉक्टर मिचेलनी जगवले. आपण टपालवाहक आहोत, यापलीकडे आपला भूतकाळ आपल्या हातात. डॉक्टरांच्या घरातून बाहेर आलो की सनी स्माइल्स बाटल्यांवर नेम धरायला आणि औषधी भुकटी बनवायला शिकवते. नको असेल तर सरळ रस्ता धरावा. मला हवा असलेला पहिला तास असा आहे: दहा मिनिटे, आणि मग मोकळीक.


पिंपळपान

काळा_कातळ यांच्याशी सहमत. तिसऱ्या भागात शेवटच्या दारापाशी आणि चौथ्या भागात लिफ्टपाशी गेम नाव, चेहरा, गुण बदलू देतो. तिथले एक सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, मी कायम जपून ठेवते आणि प्रत्येक नवे पात्र तिथूनच बाहेर काढते. इतके लोक असे करत असतील तर तो भाग लांबला आहे, हे बेथेस्डाने ओळखायला हवे.


नेवाडाकर

मी लास वेगासमध्ये राहतो. गुडस्प्रिंग्ज हे खरे गाव आहे, शहराच्या नैऋत्येला तासाभराच्या आत पोचता येते. गेममधला सलून ज्यावरून घेतला तो पायोनियर सलून १९१३ सालचा आहे आणि आजही चालू आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचा मुलगा मागच्या टेकडीकडे बघून म्हणाला, "बाबा, त्या बाजूला नको, तिकडे डेथक्लॉ असतात." गेममध्ये उत्तरेच्या वाटेला खाणीपाशी डेथक्लॉ नावाचे भयंकर प्राणी बसवले आहेत, त्यांच्या धाकाने नवा खेळाडू आपोआप दक्षिणेची लांब वाट धरतो. त्या पोराने गेम दोन वर्षांपूर्वी खेळला होता, पण धडा डोक्यात पक्का होता.

काळा_कातळ, मोकळीक आहे हे खरे, पण न्यू वेगासची शिकवणी डॉक्टरांच्या दारात संपत नाही. सलूनमध्ये सलूनवाली ट्रूडी आणि टोळीवाला जो कॉब यांचा वाद कानावर पडतो, त्या टोळीच्या भीतीने पेट्रोल पंपात लपलेला रिंगो मदत मागतो, आणि आपण गावाच्या बाजूने उभे राहायचे की टोळीच्या, हे ठरवावे लागते. गावाच्या बाजूने उभे राहिलो तर ट्रूडीला बोलून वळवता येते, ईझी पीटकडून डायनामाइट मिळवता येते. या गेममध्ये शब्दांनाही वजन आहे, हे तिथे कळते. ते सूचनांच्या चौकटीत लिहून शिकवता आले नसते.


भूगर्भ

मी खाणकामातला अभियंता आहे, म्हणून खाणीबद्दल लिहितो.

धागाकर्त्यांची कल्पना वैज्ञानिकदृष्ट्या भक्कम आहे. डेट्रॉईटखालचे मीठ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या आटलेल्या समुद्राचे आहे. मीठ काढताना मध्ये चौकोनी खांब सोडतात आणि छत त्या खांबांवर तोलून धरले जाते. अशा खाणीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गोडे पाणी. लिटरभर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळते. जे पाणी आधीच मिठाने तृप्त झाले आहे ते खांबाला फारसे काही करत नाही. गोडे पाणी मात्र वाट खात पुढे जाते, वाट रुंदावली की आणखी पाणी येते, आणि मग ते थांबवता येत नाही.

२० नोव्हेंबर १९८० रोजी लुईझियानातल्या पेन्यर तलावात तेलासाठी भोक पाडताना ते खालच्या मिठाच्या खाणीत उतरले. काही तासांत अख्खा तलाव खाली ओतला गेला, ११ बार्ज गिळल्या गेल्या, आणि समुद्राकडे वाहणारा कालवा उलटा वाहू लागून तिथे काही काळ धबधबा तयार झाला. खाणीतले सर्व कामगार सुखरूप बाहेर आले. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रेट्सॉफच्या खाणीत छताचा भाग कोसळल्यावर पाणी शिरले आणि ती खाण सोडून द्यावी लागली.

म्हणून माझी दुरुस्ती अशी की ओल दिसणे हा निर्णयाचा क्षण नाही. ओल खारी आहे की गोडी, हे कळणे हा निर्णयाचा क्षण आहे. खारी असेल तर रोजचे काम, गोडी असेल तर व्हॉल्टचे दिवस भरले. हे खेळाडूने स्वतः शोधून काढावे.


तांबडीमाती

दुसऱ्या भागाचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून लिहितो. १९९८ मध्ये आरोयो गावातल्या परीक्षेच्या मंदिराने माझे एक पात्र पार वाया घालवले होते. मी गोड बोलणारा, हिशेबी, अंगाने काटकुळा माणूस बनवला होता. हातात भाला आणि समोर मोठाल्या मुंग्या नि विंचू. दर दोन वारांतला एक हुकायचा. शेवटी कॅमेरॉन उभा असतो, त्याला बोलून वळवता येते, पण तिथपर्यंत पोचायला मुंग्यांशी बोलता येत नाही. गेमने आधी सांगितले की हवे ते व्हा, आणि पुढच्याच मिनिटाला एकाच प्रकारच्या माणसाची परीक्षा घेतली.

धागाकर्ते, तुमच्या खाणीत बळकट माणसाला, बोलक्या माणसाला, हुशार माणसाला आणि केवळ नशीबवान माणसालाही वाट हवी. ओल कळण्याच्या किमान चार तऱ्हा हव्यात.


शेवटची_लोकल (धागाकर्ता)

भूगर्भ, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. खारे आणि गोडे हा भेद मला सुचलाच नव्हता. आता असे दिसते: बुद्धी जास्त असेल तर पात्र खांबाच्या पायाची झीज पाहून ओळखते. निरीक्षण तीक्ष्ण असेल तर थेंबाचा आवाज वेगळा लागतो. बोलण्यात हुशार असेल तर पंपवाल्या बाईंकडून काढून घेते, कारण त्यांना आठवड्यापासून माहीत आहे आणि त्या कुणाला सांगत नाहीत. बळकट माणूस कुदळीने खांबाचा पापुद्रा काढून पाहतो. नशिबाचे काय करावे हे अजून सुचलेले नाही.

गोदाकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तरही याच बाईंमध्ये असेल असे वाटते. त्यांनी आपल्याला लहानपणापासून गस्तीला नेले आहे, हे संवादातून कळावे. एकोणीस वर्षे दाखवण्याऐवजी ती एका माणसाच्या बोलण्यात मुरलेली असावीत.


चांदणवेल

मी स्वतः फार खेळत नाही, पण माझ्या वडिलांचा अनुभव इथे उपयोगी पडेल असे वाटते.

आबा शेतकरी आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ते आमच्याकडे पुण्यात अडकले आणि नातवाने त्यांच्या हातात कंट्रोलर दिला. गेम होता फॉलआऊट ४. सुरुवातीला आरसा आहे, पुढे स्वयंपाकघर, यंत्रमानव कॉड्सवर्थ, आणि दारावर आलेला व्हॉल्टचा विक्रेता. आबांना उजव्या स्टिकने नजर फिरवायची असते हे कळेपर्यंत बराच वेळ ते छताकडे बघत होते. मग ते बाळाच्या खोलीत गेले. पाळण्यावरचे खेळणे बटण दाबले की फिरते. ते एक बटण आबांना समजले आणि ते खेळणे फिरवत राहिले. थांबले की पुन्हा फिरवत. मागे दूरचित्रवाणीवर बातम्या सुरू झाल्या होत्या, बायको हाक मारत होती, आणि आबा शांतपणे म्हणाले, "थांब बाई, पोर हसतंय."

मग सायरन. सगळे पळत सुटले तेव्हा आबा तीनदा मागे वळले, कारण कॉड्सवर्थ घरीच राहिला होता. "त्याला का नाही घेतला?" असे त्यांनी नातवाला विचारले. २१० वर्षांनी व्हॉल्ट १११ मधून बाहेर आल्यावर तो यंत्रमानव त्याच दारात उभा भेटला, तेव्हा आबांना झालेला आनंद मी विसरू शकत नाही. पुढे कॉन्कॉर्डमध्ये अंगावर ते जाड लोखंडी कवच चढवून डेथक्लॉशी लढायची वेळ आली आणि आबांचे हात गोंधळले. दोनदा मेले आणि त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. नंतर ते नातवाला सांगून जुन्या वस्तीत परत गेले आणि तिथे रोपे लावत बसले.

मोकळीक हवी असे वर अनेकांनी लिहिले आहे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरला त्याला मोकळीक म्हणजे नुसते मैदान. त्याला काहीतरी ओळखीचे काम हवे असते.


खेळघर

चांदणवेल, तुमचा प्रतिसाद मी आमच्या कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवला. मी एका छोट्या गेम स्टुडिओत काम करतो, आणि गेम तयार होत असताना आम्ही नवख्या माणसाला समोर बसवून स्वतः मागे गप्प उभे राहतो. काहीही बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही, हा नियम. त्या उभे राहण्यात जे कळते ते इतर कशातही कळत नाही. पडद्यावर सूचनेची चौकट आली की माणूस ती न वाचता बंद करतो. पाच मिनिटांनी तीच गोष्ट अडली की विचारतो, हे कुठे सांगितले होते? पण एखादी गोष्ट त्याला स्वतःला हवी होती म्हणून त्याने बटण शोधले, तर ते बटण तो विसरत नाही. आबांचे खेळणे हे त्याचे अगदी नेमके उदाहरण आहे.

शिकवण्याचा आमचा साधा क्रम असा असतो की नवी गोष्ट आधी निर्धास्त जागी करून बघू द्यायची, मग थोडा धोका असताना करायला लावायची, आणि शेवटी आधी शिकलेल्या गोष्टीशी तिची सांगड घालायची. तिसऱ्या भागातली छऱ्याची बंदूक याच क्रमाने येते: आधी निशाणाच्या पाट्या, मग एक झुरळ, आणि नऊ वर्षांनी व्हॉल्टमध्ये पळापळ असताना खरे पिस्तूल. चौथ्या भागात कॉन्कॉर्डला नवे कवच, नवी मोठी बंदूक आणि सर्वांत भयंकर प्राणी हे तिन्ही एकाच ठिकाणी येतात. पाहायला थरारक आहे, पण आबा तिथेच अडले. शिवाय जे कवच मिळवण्यासाठी खेळाडूने तीस तास झुरावे ते त्याला पहिल्या तासाभरातच मिळते.

खाणीच्या कल्पनेत हा क्रम आयता बसतो. खारी ओल म्हणजे निर्धास्त सराव. सकाळच्या गस्तीत तशा दोन जागा भेटाव्यात. गोडी ओल तिसरी. फक्त एक अडचण आहे. खारे-गोडे ओळखण्यासाठी खेळाडूने काय करायचे? पात्राच्या गुणांवर ते आपोआप कळले तर खेळाडूच्या बोटांनी काहीच केले नाही असे होते. चव घेण्याचे बटण दाबायचे, ही कृती फार क्षीण आहे.


खाडीपलीकडे

खेळघर यांच्या अडचणीवर आमच्या घरातला उपाय सुचवते. माझ्या आजोबांचे मिठागर होते. पाणी किती मुरले आहे हे ते रंगावरून ओळखायचे, पण आम्हा मुलांना दाखवताना बादलीत कच्चा बटाटा टाकायचे. साध्या पाण्यात बटाटा बुडतो. पाणी चांगले खारावले की तरंगतो. बटाटा वर आला की आम्ही टाळ्या वाजवायचो.

खाणीतल्या गस्तीवर निघताना पंपवाल्या बाईंनी शिदोरीसोबत एक बटाटा द्यावा. तो कशासाठी हे सांगू नये. खांबाच्या पायाशी डबके दिसले की खेळाडूने आपल्या सामानातून बटाटा काढून त्यात टाकायचा. पहिल्या दोन ठिकाणी तरंगेल. तिसऱ्या ठिकाणी बुडेल.


खेळघर

हे विलक्षण आहे. सामानाची पिशवी उघडणे, वस्तू निवडणे, खाली टाकणे, परत उचलणे या चारही गोष्टी एका बटाट्यात शिकवून होतात, आणि त्या शिकवल्या आहेत हे कुणाला जाणवणारही नाही. शिवाय बुडणारा बटाटा दिसतो. एक शब्द न लिहिता खेळाडूच्या पोटात गोळा येईल.


गोदाकाठ

बटाटा की टॅटो? चौथ्या भागात बटाटा आणि टोमॅटो यांच्या संकराचे जे पीक आहे ते.


भूगर्भ

टॅटो हे वरच्या, किरणोत्सर्गाने बदललेल्या जगातले पीक आहे. बंद व्हॉल्टमध्ये युद्धाआधीचा साधा बटाटाच शोभेल. आजोबांच्या पद्धतीला माझे पूर्ण अनुमोदन. तृप्त खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश जड असते, त्यामुळे बटाटा हमखास तरंगेल.


तांबडीमाती

नशिबाचेही सुचले. नशीब जास्त असेल तर बटाटा पात्राच्या हातून चुकून निसटून डबक्यात पडावा. ज्याने तो खाऊन टाकला असेल त्यालाही वाट हवी, कारण कुणीतरी नक्की खाणार.


सातवा_मजला

उशिरा आलो, पण सगळे वाचले.

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. २०१८ च्या फॉलआऊट ७६ मध्ये आपण व्हॉल्टमध्ये उठतो तेव्हा उत्सव होऊन गेलेला असतो. फुगे आहेत, पताका आहेत, माणसे निघून गेली आहेत. पुढे ओव्हरसियरच्या ध्वनिफिती ऐकत आपण तिच्या मागावर जातो. बाहेर माणसे नसल्याबद्दल त्या गेमवर कडक टीका झाली आणि एप्रिल २०२० मध्ये माणसे आणली गेली. ती टीका रास्त होती. तरी ती पहिली दहा मिनिटे मला अजून आठवतात, कारण आपण जिथे राहिलो तिथून सगळे गेले आहेत, ही भावना एकही संवाद न वापरता पोचते. खाणीतल्या तासात एकदा तरी अशी रिकामी जागा हवी. पाणी शिरल्यामुळे पूर्वी सोडून दिलेली एखादी राहती गल्ली असावी: दारावरची नावे, मिठात अर्धी बुडालेली खुर्ची.

आणि भारतातल्या खेळाडूंच्या दृष्टीने एक गोष्ट. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन फॉलआऊट ३ भारतात न आणण्याचे ठरवले. दोन डोक्यांच्या गुरांना गेममध्ये "ब्राह्मिन" हे जे नाव आहे त्यामुळे तसे झाले असावे, अशी तेव्हा चर्चा होती. माझ्या मावसभावाने परदेशातून आणलेल्या तबकडीवर मी तो खेळलो. माझे इंग्रजी तेव्हा कच्चे होते आणि सोळाव्या वर्षाच्या परीक्षेतले प्रश्न मला अर्धेच समजले. फाटक, पुस्तक, छऱ्याची बंदूक मात्र पूर्ण समजली. म्हणून बटाट्याला माझे दोन्ही हात वर. भाषा न येणाऱ्यालाही तो समजेल.


काळा_कातळ

मी माझ्या मताला एक मुरड घालतो. बटाटा मला हवा आहे. दर वेळी पूर्ण गस्त मात्र नको. पिंपळपान जे सेव्ह जपून ठेवतात त्याची गरजच पडू नये अशी रचना करा. लिफ्टची किल्ली पहिल्या मिनिटापासून खेळाडूच्या खिशात असू द्या. ज्याला जायचे आहे त्याने गस्त सोडून सरळ वर जावे, आणि गेमने ते लक्षात ठेवावे. पुढे कधी परत आलो तर खाली पाणी भरलेले असावे किंवा नसावे, ते त्या सोडून जाण्यावर ठरावे. गुडस्प्रिंग्ज सोडून निघून जाता येते, पण आपण गेल्याने गावाचे काही बिघडत नाही. ती उणीव इथे भरून निघेल.


पिंपळपान

किल्लीला अनुमोदन. असे असेल तर मी दर वेळी गस्त पूर्ण करीन.


शेवटची_लोकल (धागाकर्ता)

काळा_कातळ, किल्ली घेतली. बंदुकीबद्दलचे माझे मत मात्र मी बदलत नाही.

आता चित्र असे आहे. बाई दिवा, शिदोरी आणि लिफ्टची किल्ली देतात. किल्ली का, असे विचारले तर म्हणतात की मला आता जिना झेपत नाही, किल्ली तुझ्याकडेच असू दे. पहिले डबके, बटाटा तरंगतो. दुसऱ्या डबक्यापाशी छतातून मिठाचे ढेकूळ पडते आणि घाईत बाजूला व्हावे लागते, बटाटा तरंगतो. मग सोडून दिलेली गल्ली. तिच्या टोकाला तिसरे डबके. बटाटा बुडतो. खेळाडूने पाण्यात हात घालून तो परत काढायचा की तसाच सोडायचा, हेही त्याच्यावर.

परत आल्यावर बाई फक्त विचारतात, "बटाटा कुठे आहे?" परत आणला असेल तर त्या तो हातात घेऊन जिभेला लावतात. पिठूळ, गोडसर लागतो. नसेल आणला तर आपल्याला उत्तर द्यावे लागते. खरे सांगायचे, खोटे सांगायचे, किंवा मी खाल्ला म्हणायचे. दार उघडण्याआधीचा संवाद तो एवढाच.


चांदणवेल

हा धागा मी काल रात्री आबांना गावी फोन करून सगळा वाचून दाखवला. बटाट्यापाशी ते खूश झाले. मग बराच वेळ गप्प होते. मला वाटले झोपले. शेवटी त्यांनी विचारले की त्या पंपाला फूटवॉल्व्ह आहे ना. नसेल तर पंप बंद पडला की पाइपातले पाणी खाली उतरते, आणि पुन्हा सुरू करताना दर वेळी वरून बादलीने पाणी ओतून पंप भरावा लागतो. विहिरीवर हे काम नेहमी घरातल्या सर्वांत लहान पोराकडे असते, असे ते म्हणाले.


खेळघर

पहिल्या गस्तीआधी करायचे पहिले काम मिळाले.


शेवटची_लोकल (धागाकर्ता)

आबांना सांगा, फूटवॉल्व्ह आहे, पण जुना आहे आणि धरत नाही. बादली पंपाशेजारीच ठेवली आहे.